टक लावून बसणं हीसुद्धा फिट असू शकते

‘हातपाय झटकणं आणि तोंडाला फेस ही फिटची ओळख’ हे फिट म्हणजे आकडीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अर्धंच आहे. मी ऐरोलीत घरी शिकवण्या घेते. तिसरीतली एक मुलगी पाढे म्हणताना ‘सात चोक’वर अडायची, नजर शून्यात, पापण्या फडफडायच्या आणि काही सेकंदांत ‘अठ्ठावीस’ म्हणून पुढे चालू! वहीत शेरा ठरलेला: ‘लक्ष नसते’. घरी ओरडा वेगळाच. पण तंद्री लागलेलं मूल खांद्याला हात लावला की भानावर येतं, ही येत नव्हती. म्हणून तिच्या आईला म्हटलं, मोबाइलवर शूटिंग करून डॉक्टरांना दाखवा. ठाण्यातल्या न्यूरॉलॉजिस्टनी तिला जोरजोरात श्वास घ्यायला लावला, तर तिथेच, त्यांच्यासमोर ती थबकली. ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीत, निदान पक्कं झालं: अ‍ॅब्सेन्स प्रकारची फिट, म्हणजे काही सेकंद भान हरपणारी.

मोठ्यांमधल्या फोकल, म्हणजे मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या, फिटबद्दलही लेखात अवाक्षर नाही. त्यात माणूस पडेलच असं नाही. ओठ चाटत, शर्टाची बटणं चाचपत मिनिट-दोन मिनिटं हरवतो, नंतरही जरा वेळ गोंधळलेला. ठाणे स्टेशनवर असा कुणी दिसला तर लोक सरळ ‘प्यायलाय’ म्हणून मोकळे होतील. शिवाय औषधही प्रकारावर ठरतं. फोकलला दिलं जाणारं कार्बामॅझेपिन अ‍ॅब्सेन्स फिट उलट वाढवू शकतं. कांदा-चप्पल हुंगवण्याच्या प्रकाराला तुम्ही फैलावर घेतलंत ते मात्र झकास, आमच्या सोसायटीत अजून चालतं ते.