ताई, भांडं टाकू नकोस आणि गोळ्या तर अजिबात बंद करू नकोस

गेल्या रविवारी ताईकडे गेले तर तिचं ते झाकणवालं बिडाचं जड भांडं भंगारात द्यायच्या पिशवीत. का गं, विचारलं, तर म्हणे गंज चढलाय, गंज म्हणजे विष, तू तो मेसेज नाही का वाचलास? "बिडाच्या भांड्याचे सात नियम" म्हणून जो फिरतोय तो. भांड्यापुरतं असतं तर मी एवढं लिहीत बसले नसते, पण त्यातला सातवा नियम वाचून तिने डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या तीन आठवड्यांपासून बंद केल्यात. हिमोग्लोबिन साडेआठ असताना! हे टाकून नवीन भांडं घेणार आणि त्यातच सगळं शिजवणार, असा बेत होता. म्हणून मी शेवटापासूनच सुरुवात करते.

नियम सात असा: "बिडात रोज शिजवा, शरीराला लागणारं सगळं लोह मिळतं, गोळ्यांची गरज नाही." पहिला भाग थोडा खरा आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. बिडातून लोह अन्नात उतरतं, ते मोजलेलंही आहे. १९८६ साली जर्नल ऑफ द अमेरिकन डायटेटिक असोसिएशनमध्ये ब्रिटिन आणि नॉसामन यांचा अभ्यास आला, वीस पदार्थ लोखंडी भांड्यात शिजवून त्यातलं लोह मोजलं होतं. सफरचंदाच्या सॉसमध्ये १०० ग्रॅमला ०.३५ मिलिग्रॅम होतं ते ७.३८ झालं, टोमॅटोच्या सॉसमध्ये ०.६१ चं ५.७७. पण मक्याच्या ब्रेडमध्ये? ०.६७ चं ०.८६. म्हणजे आंबट, पातळ आणि बराच वेळ शिजलेलं असेल तर लोह भरपूर उतरतं, कोरडं आणि पटकन होणारं असेल तर नावापुरतं.

आता याच मेसेजचा नियम तीन बघा: "बिडात आंबट काहीही शिजवू नये." अरे मग लोह येणार कुठून? जे घातल्याने लोह उतरतं तेच घालायचं नाही आणि तरी सगळं लोह मिळेल म्हणायचं, लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज तरी परत वाचायचा. शिवाय भांडं जितकं चांगलं सीझन झालेलं, म्हणजे तेल लावून तापवून मुरवलेलं, तितकं लोह कमी उतरतं, कारण मध्ये तेलाचा थर असतो. आतून इनॅमल, म्हणजे काचेसारखा मुलामा, असेल तर प्रश्नच मिटला, काहीच उतरत नाही.

आणि आकडे शेजारी ठेवून बघा ना. गरोदर बायकांना ॲनिमिया होऊ नये म्हणून जागतिक आरोग्य संघटना रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह सांगते, आणि पोटात गेलेल्यातलं अंगी लागतं थोडंच. रोज किती उतरलं हे मोजायला घरी काही साधन नाही, गोळीवर निदान आकडा छापलेला असतो. हो, इथिओपियात लहान मुलांवर झालेला अभ्यास मला माहितीय, १९९९ साली लॅन्सेटमध्ये आला होता, ॲल्युमिनियमऐवजी लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन जास्त वाढलं. मान्य. पण ते बारा महिन्यांत, आणि ताईला बारा महिने थांबायला कोणी सांगितलेलं नाही. त्यात रक्त कशामुळे कमी झालंय तेही बघावं लागतं, आतून कुठे रक्त जात असेल तर भांडं काय करणार? उलट थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजारात अंगात लोह आधीच साठत असतं, अशांनी बिडात शिजवण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं. त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही!

आता गंज. "गंजलेलं भांडं विषारी, फेकून द्या." गंज म्हणजे लोह, हवा आणि पाणी. खाऊ नये, चव घाण लागते, पण म्हणून पाच-सहा किलोचं भांडं फेकायचं? ताईच्या भांड्याला तळाशी नारिंगी गोल वळं पडलं होतं, कारण ते ओलं असतानाच झाकण लावून कपाटात गेलेलं. तिथेच सिंकपाशी बसून तारेच्या काथ्याने घासलं, पहिलं पाणी विटकरी, दुसरं फिकट, तिसऱ्याला खालचं राखाडी बीड दिसायला लागलं. वीस मिनिटं. मग लगेच कोरडं पुसून गॅसवर ठेवलं, सगळी वाफ जाईपर्यंत. मग तेल, अगदी पातळ, आणि ते लावलंच नाही अशा थाटात पुसून काढायचं, इथेच लोक चुकतात, जास्त तेल राहिलं की चिकट होतं. मग ओव्हनमध्ये पालथं, २३० डिग्रीच्या आसपास तासभर, आणि आतच गार होऊ द्यायचं. तापल्यावर तेलाचे रेणू एकमेकांत गुंतून लोखंडाला धरून बसतात, तो कडक थर म्हणजे सीझनिंग. गंजातून पार भोक पडलं असेल किंवा चीर गेली असेल तरच भांडं गेलं समजा.

"साबण कधीच नको", हा नियम जुन्या, कॉस्टिक सोडा असलेल्या साबणाचा. कॉस्टिक तो थर खरंच खातं. आजच्या भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब लावून लगेच धुतलं तर काही होत नाही, उलट न धुतल्याने तेल खवट होतं आणि भांड्याला वास मारतो. डिशवॉशर मात्र नको, रात्रभर पाण्यात भिजत ठेवणंही नको.

आंबटाचं अर्धं बरोबर: नव्या भांड्यात टोमॅटो तासभर रटरटवला तर थर निघतो आणि धातूची चव येते. पण मुरलेल्या भांड्यात शेवटी टोमॅटो घालून दहा-पंधरा मिनिटं शिजवलं तर चालतं, फक्त शिजल्यावर दुसऱ्या भांड्यात काढा.

"जवसाचंच तेल लागतं" हेही नाही. जवसाचा थर दिसतो सुंदर, पण माझ्या तव्यावरचा दोन महिन्यांत पापुद्रे निघून गेला. साधं सूर्यफुलाचं वापरा. इंडक्शनवर चालत नाही म्हणे, का नाही? लोहचुंबक चिकटतो ना त्याला! आच हळूहळू वाढवा आणि काचेवर ओढू नका, एवढंच. तापल्या भांड्यात गार पाणी ओतू नये, हे मात्र सातांपैकी एक पूर्ण बरोबर आहे, तडा जातो.

या भीतीने लोक बीड कपाटात ठेवतात आणि ते तिथेच गंजतं. त्यात तळा, प्रत्येक तळणीने थर पक्का होतो. झाकण लावून ब्रेड भाजा, वाफ आत कोंडते आणि वरचं कवच कडक येतं. मंद आचेवर कडधान्य शिजवा. बीड सावकाश आणि असमान तापतं, म्हणून आधी मध्यम आचेवर पाच-सात मिनिटं रिकामं तापवा, मग घाला, चिकटण्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

ताईने सोमवारी डॉक्टरांना फोन केला, गोळ्या परत सुरू झाल्यात. भांड्याला दोन थर देऊन झालेत, झाकणाची आतली बाजू राहिलीय, तिथे अजून गंजाचे ठिपके आहेत, ते येत्या रविवारी.