इम्प्लांट असेल तर एमआरआय करू नये म्हणे!

मावशीने पाठीचा एमआरआय पुढे ढकलला. का, तर तिच्या खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट (गेलेल्या दाताच्या जागी हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला कृत्रिम दात) आहेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्टर लपवतात ती पाच सत्यं’ फिरताहेत. वाचली. पाचांत मिळून सत्य निघालं जेमतेम एक.

पहिलंच बघा: ‘एमआरआयचं चुंबक इम्प्लांट हाडातून उपटून काढतं.’ अहो, इम्प्लांटचा स्क्रू टायटॅनियमचा असतो, चुंबक त्याला लोखंडासारखं खेचत नाही. शिवाय तो नुसता पिळून ठेवलेला नसतो, काही महिन्यांत हाड त्याला थेट धरून वाढतं. स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनमार्क यांना १९५०च्या दशकात हेच दिसलं. सशांच्या हाडात निरीक्षणासाठी बसवलेली टायटॅनियमची उपकरणं नंतर निघता निघेनात! १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. एमआरआयमध्ये फार तर जबड्याजवळचं चित्र बिघडतं. पाठीच्या मणक्यांचा तिथे काय संबंध? तंत्रज्ञाला आधी सांगायचं, काढता येणारी कवळी बाहेर ठेवायची. कवळी चुंबकावर बसणारी असेल तर मात्र दंतवैद्याला विचारूनच जायचं. एवढ्यासाठी तपासणी टाळणं म्हणजे दुखणं अंगावर काढणं.

‘वरच्या दाताच्या इम्प्लांटने नजर जाते.’ नजरेची नस डोळ्याच्या मागून मेंदूकडे जाते, दाताच्या मुळाशी येतच नाही. सांभाळायचं असतं ते वरच्या दाढांवरचं सायनस (हाडातली हवेची पोकळी) आणि खालच्या जबड्यातली नस. ती दुखावली तर ओठ-हनुवटी बधिर होऊ शकते. म्हणून तर आधी स्कॅन काढतात.

‘मधुमेहींनी नावच काढू नये.’ बरं, यात थोडं तथ्य आहे. साखर आटोक्यात नसेल तर जखम नीट भरत नाही, धोका वाढतो. आटोक्यात असेल तर सरसकट नकाराचं कारण नाही. सिगारेटनेही इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो, पण तिच्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही.

‘दोन-तीन दात गेले असतील तर उरलेलेही काढून सगळे नवे बसवा.’ हे लिहिणाऱ्याचा हात धरायला हवा होता. शेजारच्या धडधाकट दातांना हात न लावता रिकामी जागा भरता येते, हाच तर इम्प्लांटचा मोठा फायदा! ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेल्या कृत्रिम दातासाठी, निदान ते झिजवून बारीक तरी करावे लागतात.

‘एकदा बसवला की ब्रशची कटकट संपली.’ कीड लागत नाही, कबूल. पण भोवतीची हिरडी तुमचीच ना? घाण साचली की ती सुजते, मग खालचं हाड झिजत जातं, आणि बऱ्याचदा दुखतही नाही. ब्रश करताना तिथून रक्त आलं तर इम्प्लांट हलायची वाट न बघता दाखवून या.