खुन्याला ताप आला आहे

गेला सगळा जुलै आमच्या नौपाड्यातल्या घरात एक खुनी आजारी होता.

म्हणजे पुस्तकात. दोस्तोयव्हस्कीचं ‘क्राइम अँड पनिशमेंट’ वाचलंय, असं मी कॉलेजात एका मुलीला सांगून बसलो होतो. त्याला तीस वर्षं झाली. ती मुलगी आता कुठे असते ठाऊक नाही, पण थाप मात्र माझ्याकडेच राहिली. या पावसाळ्यात फोर्टच्या फुटपाथवर साडेपाचशे पानांची जुनी इंग्रजी प्रत दिसली, तेव्हा म्हटलं, एकदाची खरी करून टाकू.

पहिल्याच आठवड्यात लोकलमध्ये शेजारच्या गृहस्थांनी मुखपृष्ठ निरखून विचारलं, “एलएलबी करताय? या वयात?” नाही म्हटलं. “मग ती नवीन न्याय संहिता असेल.” मी म्हटलं, रशियन आहे. “तिकडे शिक्षा कडक असतात हो,” असं म्हणून ते घाटकोपरला उतरले.

आता कडक काय नि मऊ काय, शिक्षेपर्यंत पोहोचायला तर हवं! कादंबरीचे सहा भाग आणि वर उपसंहार. खून पहिल्या भागातच उरकतो. पुढे रास्कोल्निकोव्ह नावाचा हा पोरगा पाच भाग सोफ्यावर पडतो, उठतो, भोवळ येऊन पडतो, आई-बहिणीवर खेकसतो, पुन्हा पडतो. बरं, सावकारीण म्हातारीला मारून आणलेला ऐवज? तो एका दगडाखाली पुरून टाकतो. न मोजता! मी बँकेत नोकरी करतो. खून मी एक वेळ समजून घेतला असता.

शिवाय तिकडे पीटर्सबर्गला जुलैचा उकाडा, आणि इकडे आठ दिवस मोजे वाळत नव्हते. आमच्या हिचं म्हणणं, घरात जी ओल आलीय ती भिंतीतून नाही, या पुस्तकातून आलीय.

गोष्ट ऐकायला कायम तयार फक्त आई. तिची मालिका साडेआठला संपते. मग हाक येते.

“पकडला का रे त्याला?”

“नाही अजून.”

“मग आज काय झालं?”

“ताप आलाय.”

“कुणाला?”

“खुन्याला.”

आईने क्षणभर विचार केला. “जेवतोय काय?”

मी पानं चाळून सांगितलं, सूप, चहा, थोडी बिअर. “मऊ भात हवा,” आई म्हणाली. “आणि ती धाकटी बहीण, म्हातारीची? तिला का मारलं?”

“ती मध्येच आली गं.”

“मध्येच म्हणजे? स्वतःच्याच घरी आली ना?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रास्कोल्निकोव्हकडेही नाही, म्हातारीबद्दल तो पानंच्या पानं वाद घालतो, लिझाव्हेता त्याला फारशी आठवतसुद्धा नाही.

रशियन नावांचा लोक उगाच बाऊ करतात. रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव्ह म्हणजे स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. आपल्या सोसायटीच्या बिलावर असतं तसंच. घरात रोद्या, म्हणजे आपला पम्या-सुऱ्या. एवढं कळल्यावर मी छाती फुगवून वाचत होतो आणि अवदोत्या वेगळी, दुन्या वेगळी, अशा त्याला दोन बहिणी धरून चाललो होतो. एकच निघाली. शंभर पानं मी एका मुलीचं स्थळ दोनदा मोडत होतो.

म्हातारीच्या घरापर्यंत त्याने पावलं मोजलेली असतात, बरोबर 730. मीही एका संध्याकाळी घरापासून तलावपाळीपर्यंत मोजून पाहिली. गोखले रोडच्या फुटपाथवर 212 ला स्कूटर आडवी आली, पुन्हा सुरू केलं तर 90 ला भेळवाला. ठाण्यात नीट योजना आखून खून होणं अवघड आहे.

पुस्तक सोडावंसं वाटायचं आणि नेमका तेव्हाच रझुमिखिन यायचा. हा त्याचा मित्र. आजाऱ्याच्या आईने पाठवलेल्या पैशांतून दहा रूबल घेऊन जुने कपडे आणतो, टोपी, विजार, बूट, एकेक वस्तू नाचवून दाखवतो आणि नऊ रूबल पंचावन्न कोपेकचा हिशोब देऊन उरलेली मोड परत करतो. विजार फाटली तर पुढच्या वर्षी दुसरी फुकट, अशी बोलीसुद्धा करून आलेला असतो! आई म्हणाली, “हा आपल्यातला वाटतो.” तेव्हापासून पहिला प्रश्न रझुमिखिनचा, मग खुन्याच्या तब्येतीचा. 1866 साली हे सगळं मासिकातून वर्षभर हप्त्याहप्त्याने येत होतं, हे सांगितल्यावर तर ती एकदम खूश. “म्हणजे मालिकाच की!”

आणि पोर्फिरी. तपास करणारा हा गोलमटोल माणूस हसत, सिगारेट ओढत, स्वतःच्या दुखण्यांविषयी बोलत बोलत समोरच्याला असा घोळवतो की परतीच्या गाडीत मुलुंड गेलं, ठाणं गेलं, मी डोंबिवलीला भानावर आलो. तीन आठवडे ज्या पुस्तकाला मी शिव्या घालत होतो, त्याच्यापायी डोंबिवलीच्या पुलावर भिजत उभा होतो आणि उलट्या गाडीची वाट बघताना पुढचं पान वाचत होतो.

शेवटी पठ्ठ्या स्वतःच पोलीस ठाण्यात जाऊन कबूल झाला. त्या रात्री मालिका संपायच्या आधीच मी आईकडे गेलो.

“सुटला एकदाचा. म्हणजे, सापडला. सायबेरियात सक्तमजुरी.”

“किती?”

“आठ वर्षं.”

“एकीची?”

“दोघींची मिळून.”

आईने टीव्हीचा आवाज बंद केला. चित्रातली माणसं बिनआवाजाची भांडत राहिली.

“त्या धाकटीचं नाव काय म्हणालास?”

“लिझाव्हेता.”

“लिझाव्हेता,” आईने दोनदा हळू घोळवून पाहिलं, आणि मग मला म्हणाली, “दिवा घालव.”