घोडबंदर किल्ला: नुसत्या ड्रोनवर भागणार नाही
ठाणे जिल्ह्यातल्या घोडबंदर किल्ल्याच्या मोजमापांच्या नोंदीला ड्रोनचे फोटो पुरेत, हे एका लेखातलं म्हणणं पटत नाही. कमानीचं पोट (खालची बाजू) आणि झाडीआडची भिंत ड्रोनला दिसतच नाही. तिथे हातानेच मापं घ्यावी लागतात. जुनी खोली गुण्यात (काटकोनात) क्वचितच असते. चार भिंतींसोबत दोन्ही कर्ण मोजा, नाहीतर कागदावर ती उगाच काटकोनी होते. दारं-खिडक्यांची मापं एकाच शून्यापासून, टेप न उचलता घ्या. तुकड्यातुकड्याने घेतली की चुका साचत जातात. उंचीसाठी लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) सगळीकडे एकच आडवी रेषा धरा (खडूने हं, रंगाने नव्हे!), फरशीचा भरवसा नको. पोलादी टेप उन्हात ठेवू नका: १० अंशांनी तापली की ३० मीटरला साडेतीन मिलिमीटर वाढते. पिंपळाची मुळं तोडण्याआधी शेजारी मापपट्टी धरून फोटो काढा, नंतर दगडांचा सांधा कशाने उघडला ते कळत नाही.