हुक कुठाय?

काल संध्याकाळी घरी आले तर माझ्या पोरीच्या कानातला मोती गायब! पोरगी म्हणजे डच चित्रकार व्हर्मीरच्या प्रसिद्ध चित्रातली. साधारण १६६५ सालची, डोक्याला निळा फेटा गुंडाळून खांद्यावरून मागे बघणारी. खरी असते हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहालयात. माझ्या हातून झालेली तिची जरा गालफुगी बहीण आमच्या बाल्कनीच्या दाराशी, स्टुलावर. तैलरंगात माणसाचा चेहरा शिकायचा तर आधी एखाद्या जुन्या उस्तादाची नक्कल करा, असं क्लासच्या सरांनी सांगितलं, त्याला चार महिने झाले.

ग्रिलला पांढरा ऑइल पेंट मारणारे रंगारीमामा शिडीवरून शांतपणे म्हणाले, "ताई, तुमच्या फोटोवर आमचा थेंब उडाला होता. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसून घेतला. डाग राहिला नाही बघा."

राहिला नव्हता, हे खरं. त्या 'डागा'साठी माझ्या तीन रात्री गेल्या होत्या.

"मामा, तो मोती होता! कानातला!"

मामा उतरले. चित्राला नाक टेकेल इतके वाकले. बराच वेळ बघून म्हणाले, "मोती म्हणता, मग हुक कुठाय?"

"हुक नाहीये."

"साखळी?"

"तीही नाही."

"कानाला भोक?"

"मूळ चित्रातच नाही हो मामा."

"म्हणजे हवेत लोंबतोय?"

आता कपाळाला हात लावून गप्प बसायचं, तर मी चक्क बाजू मांडायला लागले. म्हटलं, २०१८ मध्ये तिकडच्या तज्ज्ञांनी ते चित्र यंत्रांखाली घालून तपासलं. आपल्या डोळ्यांना न दिसणारे पापण्यांचे केससुद्धा त्यांना सापडले, पण हुक नाही तो नाहीच. तो मोती म्हणजे पांढऱ्याचे दोन-तीन फटकारे. वर उजेडाची चमक, खाली कॉलरची झाक. बाकीचा मोती बघणाऱ्यानं आपल्या मनानं पुरा करायचा.

"दोन थेंबच ना?" मामा म्हणाले. "मी तेच म्हणतोय."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी गालावरून अलगद बोट फिरवलं. "पुट्टी घासली नाही वाटतं. आणि पहिला हात ओला असताना दुसरा मारलाय. सुरकुत्या येणार." माझं डोकं फिरलं ते यानं, कारण गेल्या रविवारी सर हेच म्हणाले होते, फक्त फी घेऊन.

आता वाळत नाही त्याला मी काय करू? तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेत घेत सावकाश घट्ट होतं. त्यात पुण्याचा पावसाळा. आमच्या घराण्यात जवसाचा संबंध चटणीपुरता, तीही पाच मिनिटांत होते.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मोती होता का तिला?" चार महिने हा माणूस तिच्यासमोर बसून जेवतोय! याच्या ट्रेकिंगच्या बुटांना घरात स्वतंत्र कपाट आहे. माझ्या रंगांना मात्र वॉशिंग मशीनच्या मागची बोळकांडी, आणि तीसुद्धा "वास येतो" हे ऐकून घेऊन. १८८१ साली खरं चित्र हेगमध्येच लिलावात तिथल्या तेव्हाच्या चलनात अवघ्या दोन गिल्डर तीस सेंटला गेलं. तेव्हा कॅनव्हासची दशा झालेली होती म्हणतात. मला आता वाटतं, त्या घरातही कुणीतरी ग्रिल रंगवून घेत असणार.

आज काम संपलं. मामांनी वहीच्या कागदावर बिल दिलं. हॉल दोन हात, ग्रिल दोन हात, आणि शेवटी सुबक अक्षरात: 'फोटो साफ केला, फ्री.'

नवऱ्यानं त्याबद्दल त्यांना शंभर रुपये वर दिले.