‘मुळीत केमिकल नसते’ या संदेशाला उत्तर

पोळ्याच्या सुमारास आमच्या भागातल्या गावगटांवर एक संदेश फिरू लागला आणि तो अजूनही फिरतोच आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: रानातल्या औषधी मुळ्यांत केमिकल नसते, त्या नैसर्गिक असल्याने कितीही घेतल्या तरी अपाय होत नाही, ताजी उपटलेली कच्ची मुळीच सर्वांत गुणकारी असते, आणि सर्पगंधेची मुळी रोज चघळणाऱ्याने रक्तदाबाच्या गोळ्या बंद कराव्यात, कारण कंपन्यांनी हे ज्ञान दडपून ठेवले आहे. मी तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवतो आणि वनौषधींचा विरोधक तर मुळीच नाही. म्हणूनच हे उत्तर लिहीत आहे.

मुळीत केमिकल नसते, हे पहिले विधान खरे असते तर मुळीला औषध म्हणण्याचे कारणच उरले नसते. अश्वगंधेत विथेनोलाइड, शतावरीत सॅपोनिन, चित्रकात प्लम्बॅजिन, सर्पगंधेत रेसर्पिन ही सगळी रसायनेच आहेत आणि मुळीचा गुण त्यांच्यामुळेच आहे. वनस्पती ती आपल्यासाठी बनवत नाही. जमिनीतल्या किडी, बुरशी आणि उकरून खाणारी जनावरे यांच्यापासून बचाव व्हावा, हे त्यांचे एक मोठे काम आहे. दुसऱ्या जिवाला त्रास व्हावा म्हणून घडलेले द्रव्य आपल्याला मात्र कितीही चालेल, असे मानायला आधार काय?

‘कितीही घ्या’ या दुसऱ्या विधानासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. पावसाळ्यात धुऱ्यावरच्या कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची कळलावी आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. (तिच्या नावावरून भांडखोर माणसाची थट्टा होते, पण जाणकार ते नाव बाळंतपणाच्या कळांशी जोडतात.) तिचा कंद नांगरासारखा वाकडा असतो, म्हणून संस्कृतात ती लांगली. त्या कंदात कोल्चिसिन असते. हेच द्रव्य गाऊट या सांधेदुखीवर अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतून दिले जाते, आणि एका मध्यम कंदात अशा कित्येक गोळ्यांइतके द्रव्य असू शकते. कोल्चिसिन पेशींचे विभाजन थांबवते, त्यामुळे जिथे पेशी झपाट्याने बनतात तिथे त्याचा घाव आधी बसतो: काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, पुढे अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणे थांबवते, आणि जो वाचतो त्याचे केस दोन-तीन आठवड्यांत गळतात. रताळे किंवा रानकंद समजून हा कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. आयुर्वेदिक औषधांसाठी आपल्या औषध कायद्यात विषारी द्रव्यांची जी यादी आहे, तिच्यातही लांगली आहे. म्हणजे ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हे मत आयुर्वेदाचे नाही, संदेश लिहिणाऱ्याचे आहे.

ताज्या, कच्च्या मुळीचा आग्रह तर परंपरेच्याच उलट आहे. चित्रकाची ताजी मुळी वाटून कातडीवर लावली तर फोड येतात, म्हणून वैद्य ती आधी चुन्याच्या निवळीत ठेवून शुद्ध करतात. गर्भवतीने तर तिच्या वाटेलाही जाऊ नये. हिमालयातून येणारा बचनाग गोमूत्रात किंवा दुधात शिजवतात, आणि त्यामागचे कारण आज रसायनशास्त्राला नीट सांगता येते: उकळण्याने त्यातल्या अ‍ॅकोनिटिन या विषाचा रेणू फुटून त्यापासून कितीतरी कमी विषारी द्रव्य बनते. शिवाय मुळीतल्या द्रव्याचे प्रमाण वाण, जमीन, झाडाचे वय आणि वाळवण यांनुसार बदलते, त्यामुळे बोटभर मुळी हे माप होऊ शकत नाही. आणि पान खुडले तर झाड जगते, मुळी उपटली की संपते, हा हिशेब संदेशात कुठेच नाही.

राहिला दडपून ठेवलेल्या ज्ञानाचा आरोप. सर्पगंधा रक्तदाबावर चालते, हे सांगणारा गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या भारतीय डॉक्टरांचा लेख 1931 सालचा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसर्पिन वेगळे केले आणि ते जगभर विकले गेले. ज्या कंपन्यांवर हे दडपल्याचा आरोप आहे, त्यांच्यापैकीच एकीने त्याची गोळी करून विकली, याला दडपणे कसे म्हणायचे?

रेसर्पिन मागे पडले त्याचे कारणही नोंदलेले आहे. ते मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले, रक्तवाहिन्या आवळणारे नॉरअ‍ॅड्रेनलिन रिकामे करते, म्हणून रक्तदाब उतरतो. पण मनःस्थितीशी संबंधित असलेले मेंदूतले सेरोटोनिन आणि डोपामिनही तसेच रिते होते, त्यामुळे सुस्ती येते आणि काही रुग्णांना खोल नैराश्य आल्याचे डॉक्टरांना दिसले. पुढे अधिक सोयीची औषधे आली. रेसर्पिनची रोजची मात्रा पाव मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी असे. चघळलेल्या मुळीतून ती किती गेली, हे चघळणाऱ्याला कळायला मार्ग नाही. गोळी अचानक थांबवली तर रक्तदाब उसळू शकतो, आणि गोळीसोबत मुळीही चालू ठेवली तर तो नको इतका खाली जाऊ शकतो. आठवडी बाजारातून ही मुळी आणून जे आधीच घेत आहेत, त्यांनी पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांच्या पाकिटाबरोबर तिचा तुकडाही खिशात ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा.