गोल फिरतंय अजून

इंटरनेट साफ बंद पडलं तर मला फारसं वाईट वाटत नाही. राउटरवर लाल दिवा लागतो, तक्रार नोंदवता येते आणि तोवर घरातली माणसं नाइलाजाने एकमेकांशी बोलतात. खरा छळ असतो तो हळू चालणाऱ्या इंटरनेटचा. धड बंद नाही, धड चालू नाही. दिवे सगळे हिरवेगार, फोनवर वायफायच्या रेघा पूर्ण आणि पडद्यावर ते गोल आपलं फिरतंय, फिरतंय. त्या रेघांवर तर माझा विश्वासच उडाला आहे. फोन आणि राउटर यांचं आपसात किती जमतंय एवढंच त्या सांगतात. राउटरच्या पलीकडे काय गोंधळ चाललाय, याचा त्यांना पत्ताही नसतो.

आमच्याकडे नेट रेंगाळायला लागलं की आधी आरोपी ठरतो, पुरावे मागाहून येतात. बायकोच्या मते आरोपी चिरंजीव, कारण तो गेम खेळतो. चिरंजिवांच्या मते आजी, कारण तिचा फोन जुनापुराणा. आईच्या मते मी, कारण बिल मी भरतो आणि तेव्हा नीट विचारून घेत नाही. माझ्या मते अर्थातच कंपनी.

म्हणून कस्टमर केअरला फोन. बरंच संगीत ऐकवल्यानंतर एक अतिशय मृदू आवाज म्हणतो, "सर, राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू कराल का प्लीज?" या वाक्यावर जगभर विनोद झाले असतील, पण त्यात तथ्य आहे हे नाइलाजाने सांगतो. राउटर म्हणजे एक लहानसा संगणकच. महिनोन्‌महिने अखंड चालला की त्याच्याही डोक्यात कचरा साठतो. शिवाय पुन्हा चालू होताना बरेच राउटर कमी गर्दीचा चॅनल, म्हणजे वायफायच्या लहरींची मार्गिका, नव्याने शोधतात. तीस सेकंद अशासाठी, की प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज उरते, ती संपायला हवी. आमचा राउटर चालू झाला, तासभर शहाण्यासारखा वागला आणि मग पुन्हा गोल.

पुन्हा फोन केला. या खेपेला मृदू आवाज म्हणाला, "सर, आमच्या बाजूने स्पीड बरोबर दिसतोय."

हे ऐकून चिरंजीव खवळले. "शंभरचा प्लॅन आहे आणि डाउनलोड बाराच्या वर कधीच जात नाही. सरळसरळ फसवणूक आहे ही!" त्याला समजावलं, की कंपनी विकते ते मेगाबिट आणि डाउनलोडच्या खिडकीत दिसतात ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० भागिले ८, साडेबारा. बारा दिसले तर उलट मिठी मारायला हवी. तो म्हणाला, "बाबा, बेडरूममध्ये एकसुद्धा दिसत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अशा वेळी माझा मेहुणा येतो. त्याला कुणी बोलवावं लागत नाही, आमच्याकडे काही बिघडलं की त्याला आपोआप कळतं. आल्या आल्या म्हणाला, "भावोजी, लॅपटॉपला आधी वायर लावून बघितली का?" मेहुण्याचा सल्ला बरोबर निघण्यासारखं दुसरं दुःख नाही. वायर लावली. स्पीड टेस्टचा काटा सरसर चढून ९४ मेगाबिटवर थांबला. वायर काढून तोच लॅपटॉप बेडरूममध्ये नेला, तर ६. म्हणजे इंटरनेट उंबरठ्यापर्यंत अगदी ऐटीत येत होतं आणि पुढच्या पंचवीस-तीस फुटांत आमच्याच घरात गडप होत होतं. मृदू आवाज खरं बोलत होता. तरी कंपनीवरचा राग मी सोडलेला नाही. इतकी वर्षं जपलेली गोष्ट, अशी एका टेस्टने कशी टाकणार?

आता तपास घरातच करायचा होता. राउटर आमच्या टीव्हीच्या मागे, कपाटाच्या बंद कप्प्यात. कंपनीच्या माणसाला भिंतीतून वायर जिथे सापडली तिथे त्याने तो डबा टेकवला आणि बायकोने "किती ओंगळ दिसतं ते!" म्हणून कप्प्याचं दार लावून घेतलं. त्याच्या पुढ्यात टीव्हीची पत्र्याची पाठ, शेजारी फिशटँक आणि बेडरूमच्या वाटेवर बरोब्बर मध्ये आरशाचं कपाट. पत्रा लहरी अडवतो, पाणी त्या पिऊन टाकतं आणि आरशामागे धातूचा मुलामा असतो, तो त्या आल्या वाटेने परत पाठवतो. वायफायला त्रास द्यायचा म्हणून कुणी ठरवून मांडणी केली असती, तरी याहून चांगली जमली नसती.

राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचं तर पासवर्ड हवा आणि तो असतो राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर. मी पोटावर पालथा, तोंडात टॉर्च, एक हात कप्प्यात. डबा उलटा केला तर मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. मेहुण्याने फोनवर फोटो काढून मोठा केला. त्यात शून्य आहे की ओ, आठ आहे की बी, यावर घरात दोन तट पडले. आईने चष्मा पुसून निकाल दिला, "बी." तो आठ होता.

अखेर १९२.१६८.१.१ या पत्त्यावरचं राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं आणि मेहुण्याने फोनवरच्या ॲपमध्ये आसपासचे सगळे वायफाय दाखवले. वरचे, खालचे, समोरचे. एकाने आपल्या वायफायचं नावच 'फुकट नाही' असं ठेवलंय. ही सगळी मंडळी २.४ गिगाहर्ट्‌झ या वायफायच्या जुन्या लहरपट्ट्यावर आणि त्यातली निम्म्याहून जास्त सहा नंबरच्या चॅनलवर दाटीवाटीने बसलेली. या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. वायफाय स्वभावाने फार सभ्य. बोलण्याआधी कान देतं आणि दुसरं कुणी बोलत असेल तर गप्प बसून आपली पाळी येण्याची वाट बघतं. आमच्या घरात हा गुण फक्त त्या डब्यातच आहे. पण सगळेच सभ्य असले की कुणाचंच बोलणं संपत नाही.

त्यात मायक्रोवेव्ह. तोही याच २.४ च्या आसपास घोंगावतो. राउटरची ताकद जेमतेम एक दशांश वॅट आणि याची हजारभर. दारातून जरासं काही झिरपलं तरी राउटरचं कोण ऐकतो? स्वयंपाकघरात काही गरम करायला ठेवलं की माझी ऑफिसची मीटिंग का गोठते, हे कोडं तेव्हा सुटलं. ऑफिसात मात्र मी ते अजून सांगितलेलं नाही.

आईच्या फोनवरचा आरोपही अगदीच खोटा नव्हता. चार्जिंगला लावला की तो दिवसभरात आलेले यच्चयावत व्हिडिओ ढगात चढवायला घेतो. अपलोडची वाट अशी तुंबली, की 'मिळालं, पुढचं पाठव' हा डाउनलोडचा निरोपही त्याच रांगेत अडकतो. मग अपलोड एकाचं आणि खोळंबा सगळ्यांचा. बॅकअप पहाटेवर ढकलला. "माझं काही पुसलं जाणार नाही ना रे?" आई तीनतीनदा विचारत होती.

राउटर पॅसेजमध्ये उंच फळीवर नेला, चॅनल ११ केला आणि लॅपटॉप, टीव्ही ५ गिगाहर्ट्‌झवर टाकले. तिथे गर्दी कमी आणि वेग जास्त. भिंती मात्र त्याला सोसत नाहीत. मेहुण्याने दोन्ही अँटेना बेडरूमवर बंदूक रोखावी तशा रोखल्या. इथे मला आयुष्यातला एक दुर्मीळ क्षण लाभला. अशा अँटेनाचा सिग्नल आडवा, चहूबाजूंना पसरतो. टोकाच्या दिशेला तो सगळ्यात दुबळा असतो. मी शांतपणे त्या उभ्या केल्या. बेडरूममध्ये ७२. मेहुणा म्हणाला, "तेच म्हणत होतो मी."

दोन दिवस सगळं सुरळीत. तिसऱ्या दिवशी राउटरवर झालरीचं आच्छादन.

"अगं, तो तापेल! हवा लागते त्याला."

"धूळ बसते त्याच्यावर. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर असं उघडं?"

"तापला की परत हळू चालेल."

बायकोने क्षणभर विचार केला. "मग जाळीचं विणते."